टायर बदलल्यावर पिकअपचे मायलेज १२.४ वरून १०.६ : दोष गाडीत की मोजण्यात?

नमस्कार. माझ्याकडे डबल कॅबिनची डिझेल पिकअप आहे. जुने टायर झिजले तेव्हा मी २३५/७५ आर १५ या मापाऐवजी थोडे मोठे, २६५/७५ आर १५ मापाचे टायर बसवून घेतले. तेव्हापासून लिटरमागे १२.४ किलोमीटर देणारी गाडी सरासरी १०.६ च्या वर जायला तयार नाही. मेकॅनिकने एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर तपासले आणि "मोठे टायर घातलेत, आता एवढेच मिळणार" असे सांगून गाडी परत दिली. हे उत्तर मला अपुरे वाटते.

मोजणी फुल टाकी ते फुल टाकी अशी करतो. दर वेळी त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करायची आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबायचे, असा नेम आहे. त्याआधी पंपावरचा मुलगा नोझल हलवून हलवून, आकडा पूर्ण होईपर्यंत डिझेल रिचवत असे. डिझेलला फेस येतो, फेस बसला की टाकीत पुन्हा जागा होते, आणि त्यामुळे एका भरण्यात नि दुसऱ्या भरण्यात सहज दोन लिटरांचा फरक पडत असे. दहाच लिटर जाळून हिशेब केला, तर एवढ्याने उत्तर वीस टक्क्यांनी चुकते. म्हणून टाकी बरीच रिकामी झाल्याशिवाय मी भरत नाही.

वहीतील चार नोंदी अशा: ४१२ किलोमीटरला ३८.१ लिटर, ३८८ ला ३७.९, ४५५ ला ४०.६ आणि ४०१ ला ३९.६. चार सरासऱ्यांची पुन्हा सरासरी न काढता मी एकूण १,६५६ किलोमीटरना एकूण १५६.२ लिटरांनी भागले आहे. डॅशबोर्डवर ११.३ दिसते, पण तो आकडा मी जमेस धरत नाही.

गाडी बहुतांशी महामार्गावर, ८० च्या वेगाने चालते. हौद्यात कधी काही नसते, कधी दोन-अडीचशे किलो माल असतो. वारा अडू नये म्हणून एक टाकीभर मागचा फाळका उघडा ठेवून पाहिला, फायदा दिसला नाही. हल्ली हीटरही पूर्वीसारखा गरम होत नाही, पण तो विषय वेगळा असावा. नेमके काय तपासावे, आणि कोणत्या क्रमाने?

प्रतिसाद

आपली लिटरांची बाजू चोख आहे, चूक किलोमीटरांच्या बाजूला आहे. ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्याला किती अंतर धरायचे हे जुन्या टायरच्या मापाने ठरलेले आहे. २३५ मिलिमीटर रुंदीचे ७५ टक्के म्हणजे सुमारे १७६ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा धरून त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की जुना व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो. त्याच हिशेबाने नवा व्यास ७७८.५ होतो, म्हणजे ६.१ टक्के अधिक. आपले १,६५६ किलोमीटर प्रत्यक्षात सुमारे १,७५७ आहेत आणि खरे मायलेज ११.२५ च्या आसपास आहे. डॅशबोर्डही अंतर तिथूनच घेतो, त्यामुळे त्याच्या आकड्यातही ही चूक आहेच.

दुसरी गोष्ट याच हिशेबातून निघते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काटा ८० वर असताना गाडी आता ८५ च्या जवळ धावते आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्यानेच तो तेरा टक्क्यांनी वाढतो. काटा ७५ वर ठेवा, म्हणजे पूर्वीच्याच वेगाशी तुलना होईल.

फाळका बंदच ठेवावा. बंद फाळक्याआड हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरचा वारा त्यावरून घसरत जातो. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो.

हीटरचा विषय मात्र वेगळा नाही. हीटरला ऊब इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातूनच, म्हणजे कूलंटमधूनच मिळते. इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट, तो उघडाच अडकला असेल तर कूलंट सतत रेडिएटरमधून फिरते, इंजिन पुरेसे तापत नाही आणि डिझेल जास्त जाते. वीसेक किलोमीटर चालवून झाल्यावर स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, कूलंटचे तापमान पाहावे. ते ८० च्या बरेच खाली राहत असेल तर दोष तिथेच आहे. त्याच फेरीनंतर चारही रिमजवळ हात नेऊन पाहावा, हात लावू नये. एखादे रिम इतरांपेक्षा फार तापलेले आढळले तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. मोबाइलच्या जीपीएसवर ५० किलोमीटर पूर्ण झाले तेव्हा ओडोमीटर ४७.१ वर होता, म्हणजे आपला हिशेब तंतोतंत जुळला. रिम चारही सारखेच कोमट होते. स्कॅनरवर मात्र महामार्गावरून उतरल्यावरही तापमान ६८ अंशांच्या पुढे गेले नाही, आणि एवढे दिवस मी तापमानाचा काटा मध्यापर्यंत येत नाही याला इंजिन थंड राहत असल्याची चांगली खूण समजत होतो! थर्मोस्टॅट बदलायला दिला आहे.

एकच शंका उरली आहे. थंड टायरमधील हवा चारही चाकांत ठरलेल्या दाबापेक्षा पाच पीएसआयने कमी निघाली. ती आत्ताच भरली, तर पुढच्या नोंदींत थर्मोस्टॅटचा वाटा किती आणि हवेचा किती हे कळणार नाही. पण कमी हवेवर माल घेऊन आणखी चार टाक्या चालवणेही मला धोक्याचे वाटते. आपण काय केले असते?

प्रतिसाद

हवा आजच भरावी. पाच पीएसआयने मायलेजमध्ये साधारण एक टक्क्याचा फरक पडतो, म्हणजे आपल्या गाडीच्या बाबतीत जेमतेम ०.१, तो नोंदींच्या चढउतारातच बुडून जाईल. टायरची कड मात्र कमी हवेवर, भार घेऊन धावताना तापते.