अनुभव धागा: शिंगवाला समोर उभा राहिला तेव्हा

काल माळा आवरताना आजीच्या सहाणेबरोबर फडक्यात गुंडाळलेला सांबरशिंगाचा तुकडा सापडला. करंगळीएवढाच उरलाय, एका बाजूने उगाळून उगाळून तिरपा झालेला. छातीत कफ झाला की आजी त्याचा लेप लावायची. वाळताना कातडी अशी ओढायची की रडू यायचं.

तुकडा हातात घेतला आणि एकदम भीमाशंकर आठवलं. २००३, कॉलेजचं शेवटचं वर्ष. खांडसहून शिडीघाटाने चढलो होतो. पहाटे पाणी आणायची पाळी माझी. धुकं इतकं की स्वतःचे बूट दिसेनात. ओढ्याच्या अलीकडे कुणाचीतरी म्हैस उभी होती. मी आपलं सवयीने "हैक हैक" केलं. म्हशीने मान वर केली तर डोक्यावर फांद्या! दहा-बारा हातांवर. मानेचे केस भिजून चिकटलेले, नाकातून वाफा. दोघंही नुसते बघतोय. मग त्याने पुढचा खूर दाणकन आपटला आणि "ढांक्" असा काही ओरडला की बाटल्या तिथेच टाकून मी पसार.

वर येऊन बाराशिंगा दिसला म्हणून सांगितलं. पुढे पंधरा वर्षं तेच सांगत होतो. शेवटी ताडोबात गाइडने शिंगांची टोकं मोजायला लावली, तेव्हा कळलं ते सांबर होतं.

तुमचे किस्से येऊ द्या. जिप्सीतून लांबून पाहिलेले नकोत, समोरासमोरचे हवेत.

रानभूल
पंधरा वर्षं!! अहो सोपं आहे. सांबराच्या एका शिंगाला तीन टोकं. चितळालाही तीनच, पण त्याच्या अंगावर ठिपके असतात आणि तो कळपात असतो, त्यामुळे तिथे गोंधळ नको. बाराशिंग्याला दोन्ही शिंगांची मिळून साधारण दहा ते चौदा. आणि तो आपल्या राज्यात नाहीच, कान्हाला जावं लागतं. तिथेही १९७० साली फक्त ६६ उरले होते.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याची वहिनी नवी नवी आली तेव्हा आई तिला म्हणे, "सांबार धुऊन बारीक चिर." ती बिचारी विळी घेऊन अंगणात बघून आली.

माऊची आई
@वऱ्हाडी ठेचा मेले हसून 😂 सांबारवडीची कृती द्या ना.

शेतावरून
रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं, नाव काढू नका कोणी. सगळ्यांना हरणं गोंडस वाटतात, या एकदा आमच्या हरभऱ्यात. रात्री सात-आठ घुसतात, खातात कमी आणि तुडवतात जास्त. मागच्या हिवाळ्यात एक नर थेट गाडीला आडवा आला. माझं मनगट गेलं, त्याला काही नाही, कुंपण उडी मारून गेला.

रानभूल
काळजी घ्या दादा, मनगट कसं आहे आता? (नीलगाय या धाग्यात बसत नाही खरं तर. नराला वीतभर सरळ शिंगं, ती गळत नाहीत. सांबर-चितळांची गळतात आणि परत येतात.)

शेतावरून
बरं आहे. धाग्यात नाही बसत, शेतात बसते.

डेन्व्हरची सुमा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सप्टेंबरात सासूबाईंना एस्टेस पार्कला नेलं. पार्किंगमध्येच एल्क, इथलं थोराड हरीण! सासूबाई म्हणाल्या, "अगो बाई, केवढं सांबर!" आणि पिशवीतली चकली काढून निघाल्या त्याच्याकडे. मी पदर धरून मागे ओढलं. माजावर असतात तेव्हा. एवढं धूड, पण ओरडतं कसं तर गंजलेलं फाटक उघडल्यासारखं. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये त्यांच्यापासून २५ यार्ड लांब राहायचा नियमच आहे. मूस (तेही मोठं हरीणच) टेटन पार्कला पाहिला, तो ओळखायला सोपा. शिंगं सुपासारखी पसरट, गळ्याखाली लोंबती झालर, तोंड लांबडं. एल्कचा पार्श्वभाग फिकट. शिट्ट्या झाल्या, पळते.

थंडीतला बाब्या
इथे स्वीडनमध्ये मूसलाच एल्क म्हणतात, म्हणजे 'एल्य'. सुमाताई, तुमचा एल्क वेगळा. ऑफिसात याच्यावरून अर्धा तास वाद घातला मी, मग कळलं दोघंही बरोबर.

मांडवी
गोंयांत सांबराक मेरू म्हणतात. मोलेच्या अभयारण्यात आजोबा दाखवायचे. बस एवढंच, बाकी मी झोपेत होते 😀

निवांत
बुद्धपौर्णिमेला नागझिऱ्याच्या मचाणावर होते, पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला. डुलकी लागत होती. एकच्या सुमारास एक नर आला, त्याला एकच शिंग. दुसरं गळलं असावं, उन्हाळ्यात गळतात. वजनाने डोकं एका बाजूला कललेलं, पाणी पितानाही तिरकंच. हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मध्येच थांबला, कान फिरवले, पुन्हा प्यायला. पाऊण तासाने पलीकडच्या बांबूतून सांबराची धोक्याची हाक सुरू झाली, ढांक्... ढांक्... थांबेचना. सोबतचे वनरक्षक काका पुटपुटले, "चितळ उगाच बोंबलतं, सांबर खोटं बोलत नाही." वाघ दिसला नाही. पण त्यानंतर आमच्यापैकी कुणाला झोपही आली नाही.

काळा कोट
धागाकर्त्यास आगाऊ सूचना: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय सांबरशिंग घरात ठेवता येत नाही, तुकडासुद्धा. जंगलात गळून पडलेलंही उचलू नये, ते सरकारचं. आणि साळिंदराचंही, कुरतडून खातात ती.

धागाकर्ता
आजीच्या सहाणेवर धाड! वनखात्यात नेऊन देतो. तुम्ही येता का सोबत?

काळा कोट
फी किती?

वऱ्हाडी ठेचा
माऊची आई, सारणात सांबार, सुकं खोबरं, खसखस, तीळ, हिरवी मिरची. बाहेरून बेसनाची पातळ पोळी, तळून काढायची. आई म्हणते सांबार धुऊन फडक्यावर पूर्ण वाळवा, नाहीतर वडी तेलात फुटते.

माऊची आई
धन्यवाद! सहाणेवाल्या दादांना पण पाठवते दोन.