मार्विन मिलर गेले तेव्हा चाहते का भांडले? बेसबॉलच्या जाणकारांनी लिहावं

धागाकर्ता

२७ नोव्हेंबर २०१२ ला मार्विन मिलर न्यूयॉर्कमध्ये वारले. वय ९५. १९६६ ते १९८२ ते अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख होते, त्याआधी पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ. ते गेल्यावर चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, या माणसाने खेळाडूंची वेठबिगारी संपवली आणि तरी हॉल ऑफ फेमने, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनाने, त्याला बाहेर ठेवलं. दुसरा म्हणे, महाग तिकिटं, संप, सतत शहर बदलणारे खेळाडू, सगळं याचंच पाप. नेमकं काय घडलं ते दोन्हीकडे कमीच बोललं जातं. ‘मी तेव्हा स्टेडियममध्ये होतो’ छापाच्या आठवणी नकोत. कलम, आकडा आणि कुठे काय फिसकटलं ते लिहा.

कलमबाज

सुरुवात खेळाडूच्या करारातल्या १०-अ परिच्छेदापासून. नव्या करारावर सही झाली नाही तर क्लब जुनाच करार ‘त्याच अटींवर एक वर्ष’ वाढवू शके. मालक म्हणत, ‘त्याच अटी’ म्हणजे वाढवण्याची अटही आलीच, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा वाढवता येईल, मग पुन्हा. एकदा सही केली की खेळाडू जन्माचा बांधलेला. संघटना म्हणे, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष.

हे तपासायचं तर सही न करता अख्खा मोसम काढणारा खेळाडू हवा. अडचण अशी की कोणी तसा बसला की मोसमाच्या मधेच क्लब जाड पाकीट पुढे करी, सही होई आणि प्रकरण तिथेच विरे. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स क्लबच्या अँडी मेसरस्मिथला आपल्याला परस्पर दुसऱ्या क्लबकडे पाठवू नये अशी लेखी अट हवी होती. ती मिळाली नाही, त्याने सही केली नाही. शेवटच्या घटकेला तोही फुटला तर? म्हणून मिलरनी दुसरं नाव जोडलं: डेव्ह मॅकनॅली. हा जूनमध्येच मॉन्ट्रियलचा क्लब सोडून मोंटानातल्या बिलिंग्जला घरी गेला होता, पण कागदोपत्री बिनसहीचाच होता. क्लबचे अध्यक्ष थेट बिलिंग्जला गेले: १,२५,००० डॉलरचा करार, आणि नुसतं सराव शिबिराला आलास तरी २५,०००. मॅकनॅलीने नको म्हटलं. त्याला परत खेळायचंच नव्हतं, म्हणूनच तो उपयोगाचा.

२३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर सिट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला: एक वर्ष संपलं की खेळाडू कोणत्याही क्लबकडे जायला मोकळा. मंडळ तिघांचं: एक मिलर, एक मालकांचे जॉन गॅहेरिन, तिसरे सिट्झ. म्हणजे खरं मत एकच. मालकांनी सिट्झना तडकाफडकी काढलं आणि कोर्टात गेले. तिथेही हरले.

आता मुख्य मुद्दा. सिट्झ तिथे आले कसे? मालक आणि संघटना यांच्या १९७० च्या सामूहिक करारात तटस्थ लवादाची तरतूद झाली म्हणून. त्याआधी तक्रारीवर शेवटचा शब्द कमिशनरचा, आणि कमिशनर मालकांनी नेमलेला. परस्पर केलेल्या बदलीविरुद्ध खेळाडू कर्ट फ्लड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये ५-३ ने हरला. चाहते फ्लडचं नाव घेतात ते योग्यच, पण कुलूप उघडलं ते त्या रटाळ कलमाने.

गल्ली मिडऑन

म्हणजे त्यानंतर सगळेच मोकळे झाले?

कलमबाज

नाही, आणि ते मिलरना नकोच होतं. ओकलंडचे मालक चार्ली फिनली म्हणत होते की दरवर्षी सगळ्यांनाच मोकळं करा. मिलरना धास्ती होती ती याचीच, कारण बाजारात एकदम शेकडो खेळाडू आले की भाव कोसळणार. बाकीच्या मालकांनी फिनलींना वेड्यात काढलं. १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक ठरली. दरवर्षी मोजकेच खेळाडू बाहेर आणि त्यांच्यामागे क्लबांची रांग. सरासरी पगार १९६६ मध्ये १९,००० डॉलर होता, १९८२ मध्ये २,४१,०००. निम्मं श्रेय मालकांच्या घाईला द्यायला हरकत नाही.

न्यूजर्सीकर

सहा वर्षं मोजतात कशी ते लिहितो, कारण खरी मारामारी आज तिथे आहे. मोसम साधारण १८७ दिवसांचा, पण वरच्या लीगच्या यादीत १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. मग नवा हिरा हाती आला की क्लब काय करतो? ‘क्षेत्ररक्षण सुधारायला हवं’ म्हणून त्याला पहिले दोन आठवडे खालच्या लीगमध्ये ठेवतो. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचे २०१५ मध्ये भरले १७१ दिवस. एक दिवस कमी, त्यामुळे मोकळीक पूर्ण एक वर्ष पुढे. त्याने तक्रार केली आणि २०२० मध्ये ती फेटाळली गेली.

मधल्या वर्षांसाठी पगार-लवाद असतो, १९७३ च्या करारातला. खेळाडू एक आकडा देतो, क्लब दुसरा. समजा ५० लाख आणि ४० लाख. लवादाला मधला आकडा देता येत नाही, दोनपैकी एकच निवडायचा. म्हणून सगळं लक्ष ४५ लाखांच्या मध्यबिंदूवर: खेळाडूची किंमत त्याहून एक डॉलरने जास्त वाटली तरी पूर्ण ५० लाख. फार हावरा आकडा दिला की मध्यबिंदू वर सरकतो आणि हरण्याची शक्यता वाढते. क्लबचंही तेच. त्यामुळे बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात. आणि मिटलेली बरी, कारण सुनावणीत क्लबचा वकील खेळाडूसमोर बसून त्याचेच दोष वाचून दाखवतो.

तिसऱ्या तळावरून

तिकिटांबद्दल. क्लब पगार बघून तिकीट ठरवत नाही, लोक किती द्यायला तयार आहेत ते बघून ठरवतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये खेळाडूंना अनेक दशकं पगारच नव्हता, तिकिटं फुकट होती का? आणि प्रेक्षक पळालेही नाहीत: १९७६ मध्ये सुमारे ३.१ कोटी, १९८२ मध्ये सुमारे ४.५ कोटी. (या काळात दोन क्लब वाढले, तेही धरा.)

खेळाडू पूर्वीही शहरं बदलत, फक्त त्यांना कोणी विचारत नसे. वरच्या लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबकडे झाली असतील तर बदलीला नकार देता येतो, हा नियमही १९७३ चाच.

संपाचा राग मात्र मला पटतो. १९७२ चा संप पेन्शनसाठी होता, १ ते १३ एप्रिल. ८६ सामने बुडाले आणि भरून काढलेच नाहीत. परिणाम: डेट्रॉइट ८६-७० (विजय-पराभव), बॉस्टन ८५-७०. बॉस्टन एक सामना कमी खेळलं आणि अर्ध्या सामन्याने गटाचं विजेतेपद हुकलं. १९८१ च्या संपात ७१३ सामने गेले, मोसमाचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा विजेता पुढे गेला. सिनसिनाटी एकूण ६६-४२, सगळ्या लीगमध्ये अव्वल, पण दोन्ही तुकड्यांत दुसरं. घरी बसलं. तिथल्या चाहत्याला मिलर प्रेमाने आठवावा अशी अपेक्षा कशी करणार?

गल्ली मिडऑन

आपल्याकडे १९८२ चा गिरणी संप फसला, हे संप कसे जिंकले?

तिसऱ्या तळावरून

गिरण्यांचं कापड यंत्रमागावर विणून घेता आलं, वरच्या दर्जाचा पिचर (चेंडू टाकणारा) भिवंडीत मिळत नाही. शिवाय १९८१ मध्ये मालकांनी पाच कोटी डॉलरचा संप-विमा काढला होता. तो संपत आला तेव्हा ३१ जुलैला तडजोड झाली. लांबलेल्या संपात समोरच्याच्या विम्याची तारीख पाहावी.

न्यूजर्सीकर

आयपीएलवाल्यांसाठी: भारतात २०१९ पासून क्रिकेटपटूंची संघटना आहे, पण निवृत्तांची. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने सामूहिक करार करणारं कोणी नाही.

कलमबाज

हॉल ऑफ फेमचा हिशेब. ७५ टक्के मतं लागतात. २००७ च्या अखेरीस मतदार १२ जणांवर आणले, त्यात बहुसंख्य क्लबचे अधिकारी. मिलरना ३ मतं, आणि ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं हरवलं त्या कमिशनर बोवी कून यांना १०. मिलरनी २००८ मध्ये कळवलं की माझं नाव पुन्हा घेऊ नका. तरी घेतलंच. २०१० मध्ये १६ पैकी ११, एक मत कमी. डिसेंबर २०१९ मध्ये बरोबर १२. कोविडमुळे सोहळा सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. मतदार कोण हे कळलं की निकालाचं आश्चर्य वाटत नाही.

पत्तेवाला

कार्ड जमवणाऱ्यांसाठी एक खूण. खेळाडूंच्या फोटोंची कार्डं छापणारी टॉप्स कंपनी खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर देत असे. मिलरनी खेळाडूंना सांगितलं, नवे करार करू नका, फोटोला उभे राहू नका. नवा करार झाला: २५० डॉलर, शिवाय ४० लाख डॉलरपर्यंतच्या विक्रीवर ८ टक्के आणि त्यापुढे १० टक्के. म्हणून १९६९ च्या टॉप्स संचात बरेच खेळाडू जुन्याच फोटोत दिसतात, कित्येक टोपीशिवाय. टोपी नसली की क्लब बदलला तरी तोच फोटो चालतो. तसं कार्ड हाती आलं तर छपाईचा दोष समजून भाव पाडू नका.