बऱ्याच वर्षांनी इंटरव्ह्यू द्यायचेत, तयारी कुठून धरू?

विश्रामबाग_जावा:
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, जावा बॅकएंडवाली. शेवटचा इंटरव्ह्यू दिला २०१४ ला, हिंजवडीत. स्ट्रिंग इम्युटेबल का, हॅशमॅप आतून कसा चालतो, जॉइनच्या एक-दोन क्वेऱ्या, की झालं. पुढं सासूबाईंच्या आजारपणात आम्ही इकडं आलो आणि त्याच कंपनीनं घरून काम करू दिलं. आता सगळ्यांना ऑफिसात बोलावलंय. लेक दहावीत आहे, पुण्याला बिऱ्हाड हलवायचं नाही. म्हणून रिमोट शोधतेय.

परवा एका ठिकाणी पहिला राउंड झाला. प्रश्न असा: अ‍ॅरेतले सलग तुकडे मोजा, ज्यांची बेरीज दिलेल्या क या संख्येइतकी येते. वर "बोलत बोलत लिहा." अहो, कोड लिहिताना घरात कुणी चहा हवा का विचारलं तरी मी उत्तर देत नाही! पुढच्या राउंडला सिस्टिम डिझाइन, म्हणजे अख्खी सिस्टिम कशी बांधाल ते सांगायचं, आहे म्हणे. आमच्याकडं अजून जावा ८ चालतं. लीटकोड या साइटवरची कोडिंगची कोडी किती करायची, आणि बाकी काय बघायचं?

कुपवाड_कोडर:
ताई, ब्लाइंड ७५ म्हणून लीटकोडच्या निवडक ७५ प्रश्नांची यादी आहे ती घ्या, रोज दोन सोडवा. बाकी काय बघू नका. मी तेवढंच केलं, लागलो.

मिरज_जंक्शन:
भावा, फ्रेशरला तेवढं बास होतं. ताईंना नाही व्हायचं. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडं बसतोय, तिथून काय दिसतं ते सांगतो.

ताई, तुमचाच प्रश्न घ्या. हा मीपण विचारतो, आणि विचारून गप्प बसतो. समोरचा "संख्या ऋण असू शकतात का?" असं विचारतोय का, याची वाट बघतो. सगळ्या धन असतील तर दोन पॉइंटर सरकवत जाता येतं. बेरीज क च्या वर गेली की डावा पुढं. ऋण आल्या की हे सगळं कोसळतं, कारण तुकडा वाढवला म्हणून बेरीज वाढेलच असं राहत नाही. मग सुरुवातीपासूनची बेरीज धरत जायची आणि "आत्ताची बेरीज वजा क" ही आधी किती वेळा येऊन गेली ते हॅशमॅपला विचारायचं. मॅपमध्ये आधीच शून्य एकदा टाकून ठेवायचा, नाहीतर पहिल्या घरापासून सुरू होणारे तुकडे सुटतात. एवढं कुणी बोलून दाखवलं आणि सेमीकोलन राहिला, तरी माझ्याकडून पास.

त्यामुळं यादीतले पंचवीस-तीसच करा, पण मोबाइलवर रेकॉर्ड करत. आधी मराठीत बोला, मग तेच इंग्रजीत. पहिली चार रेकॉर्डिंग ऐकवणार नाहीत, ऐका तरी.

जावा ८ चं टेन्शन घेऊ नका. हॅशमॅपच्या एका बकेटमधली साखळी लांबली की तिचा रेड-ब्लॅक ट्री होतो, ते ८ मध्येच आलं. वरच्या आवृत्त्यांपैकी जावा १७ आणि २१ एवढं बघा: रेकॉर्ड, सील्ड क्लास, व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळतं ते हलके थ्रेड). व्हर्च्युअल थ्रेडवर हमखास विचारतात. डेटाबेसची वाट बघत बसणाऱ्या कामाला ते चांगले, सीपीयू पिळणाऱ्या कामाला फायदा नाही. जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकात असताना थांबावं लागलं तर खालचा खरा थ्रेडपण अडकून पडायचा, ते जावा २४ मध्ये सुधारलं. आणि स्वतःचा एखादा लहान प्रोजेक्ट स्प्रिंग बूट ३ वर नेऊन बघा. त्याला किमान जावा १७ लागतं आणि javax चे इम्पोर्ट jakarta करावे लागतात, ही मोडतोड हातानं केलेली असली की बोलताना दिसते.

सिस्टिम डिझाइनच्या सरावाला लोक ट्विटरचं उदाहरण काढतात. तुम्ही मार्केट यार्डातले हळदीचे सौदे काढा, ऑनलाइन. दोन व्यापाऱ्यांनी एकाच लॉटला एकाच क्षणी तोच भाव टाकला, आधी कोण? नेट गेलं, अ‍ॅपनं तीच बोली परत पाठवली, ती दोनदा धरायची का? इथं प्रत्येक बोलीला वेगळी किल्ली, लॉटच्या रोला व्हर्जनचा कॉलम, असं आपोआप सुचत जातं. पण आधी लॉट किती, व्यापारी किती ते विचारा. आकडा ऐकल्यावर एक पोस्टग्रेस डेटाबेस पुरतोय असं निघालं तर तसं बेधडक सांगा. पहिल्याच मिनिटाला काफ्का (प्रचंड प्रमाणात मेसेज वाहून नेणारी यंत्रणा) आणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, "कशाला?"

कृष्णाकाठ:
मिरजकरांचं पटलं, पण सगळ्या कंपन्या कोडी घालत बसत नाहीत. लहान कंपन्या घरी करायला काम देतात आणि मग त्यावर खोदतात. आणि ताई, एकच सिस्टिम इतकी वर्षं सांभाळलीय ही तुमची जमेची बाजू. सगळ्यात मोठं टेबल कुठलं, किती रो, कुठली क्वेरी रखडायची, कशानं सुटली, हे आकड्यांसकट लिहून काढा. कंपनीचा गोपनीय डेटा तेवढा वगळा. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर पहिल्या फोनलाच सांगून टाका, शेवटी सांगितलं की एचआर बिथरतात. इन्व्हर्टर आणि दुसरं इंटरनेट कनेक्शन आहे ना? रिमोटला ते विचारतात.

विश्रामबाग_जावा:
इन्व्हर्टर आहे, दुसरं कनेक्शन घेते. सगळ्यात मोठं टेबल ऑडिट लॉगचं, महिन्यानुसार पार्टिशन मीच केलं होतं. ते आज लिहून काढते.

मिरजकर, तुमच्या सौद्यात एक अडचण आहे. शेतकरी थेट व्यापाऱ्याला विकतच नाही, मधे अडत्या असतो. माल त्याच्या दुकानात उतरतो, हिशोबाची पट्टी तोच करतो. मग लॉट कुणाच्या नावावर? आणि भाव पसंत नाही म्हणून शेतकऱ्यानं सौदा मोडला तर लागलेली बोली रद्द कुणी करायची?

मिरज_जंक्शन:
बघा, हे विचारायला सुचतंय म्हणजे निम्मा राउंड झाला. रविवारी सकाळी अकराला तासभर मॉक इंटरव्ह्यू घेऊ या. अडत्या धरूनच प्रश्न टाकतो. कोड नको, कोरा कागद आणि माइकवाला हेडफोन घेऊन बसा, बोलणं इंग्रजीत.

कुपवाड_कोडर:
मी बसू का ऐकायला? म्यूट राहतो.