घडण समजल्यावर विस्मय कमी होतो का?

सदाशिवपेठी वाचक
वाघोलीच्या दगडखाणींत सापडणाऱ्या कॅव्हन्साइट या खनिजाचा एक नमुना नुकताच जवळून पाहायला मिळाला. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर उमललेला तो गडद निळा गुच्छ कोणीतरी रंगवला असावा, असेच प्रथम वाटले. बेसाल्ट या काळ्या खडकातील पोकळ्यांत झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून असे स्फटिक वाढतात आणि निळा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे येतो, हे नंतर वाचले, तरी माझे नवल तसूभरही कमी झाले नाही. याउलट प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटातील वैकुंठगमन अलीकडे पुन्हा पाहिले, तेव्हा तो गरुड कसा उडवला असेल याच विचारात मन अडकले आणि पूर्वीची तल्लीनता काही केल्या येईना. निसर्गाची घडण कळली तरी चालते, कलेची कळली की रसभंग होतो, असा अनुभव इतरांना आहे का?

मुळाकाठची
मला अगदी उलट अनुभव आहे. त्या प्रसंगात गरुडापेक्षा गौरी यांनी उभी केलेली जिजाई पाहावी. नवरा वैकुंठाला बोलावतो आहे आणि ही बाई घरसंसार सोडून निघायला तयार नाही. तिथे कोणतीही युक्ती नाही, त्यामुळे उघडी पडण्याचा प्रश्नच येत नाही. याच चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ ही रचना तुकोबांचीच आहे असे आजही अनेकजण धरून चालतात. ती शांताराम आठवले यांची आहे हे कळल्यावर माझा आदर दुणावला, कारण विसाव्या शतकातील कवीने अभंगाची चाल, शब्दकळा आणि श्रद्धा इतकी आत्मसात करावी, ही साधी गोष्ट नव्हे.

‘कुंकू’बद्दलही (१९३७) हेच म्हणेन. त्यात पार्श्वसंगीत वापरलेले नाही, हे समजल्यापासून मी तो चित्रपट अधिक कान देऊन पाहते. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्यासमोर ताठ उभी राहते, तेव्हा तिच्या संतापाला आधार द्यायला वाद्यमेळ नसतो; जे काही आहे ते तिच्या आवाजात आणि डोळ्यांत. इतक्या वर्षांनीही ती नजर मला अस्वस्थ करते.

खडकवेडा
निघोजचे रांजणखळगे पाहिले आहेत का? कुकडी नदीच्या पात्रात, त्याच बेसाल्टमध्ये, भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून खडक कोरत गेले आणि रांजणाएवढे खड्डे पडले. कारण माहीत नसताना मी ते केवळ चमत्कारिक आकार म्हणून पाहिले होते; कारण कळल्यावर खळग्यांच्या तळाशी पडलेले गोटेच अधिक वेळ न्याहाळले, कारण कोरणारी हत्यारे तीच. मात्र मूळ प्रश्नातील रसभंग मला खरा वाटतो. गरुडाची युक्ती प्रेक्षकाने ओळखू नये याचसाठी रचलेली असते, खडक काहीच लपवत नाही. म्हणून फरक निसर्ग आणि कला यांच्यातला नसून, लपवलेल्या आणि न लपवलेल्या घडणीतला असावा.

सदाशिवपेठी वाचक
हे पटले. तुकारामांची भूमिका करणाऱ्या पागनीसांचे गाणे ऐकताना मला कधीच अडथळा आला नव्हता, हेही आता लक्षात येते. ‘कुंकू’ मोठ्या पडद्यावर पाहण्याची फार इच्छा आहे. पुण्यातील विधी महाविद्यालय रस्त्यावरील चित्रपट संग्रहालयात त्याचा खेळ होणार असल्याचे कोणाला समजल्यास इथे अवश्य कळवावे. निघोजला पावसाळ्यात जाणे योग्य ठरेल का?

खडकवेडा
पावसाळ्यात टाळावे, पात्र भरलेले असले तर खळगे पाण्याखाली जातात आणि कडेचा खडक निसरडा होतो. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यात सकाळी जावे.