जुन्या गुलाबांच्या जागी नवी कलमे वाढत नाहीत : माती बदलावी की उन्हात तापवावी?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला ग्लॅडिएटर गुलाबांचा वाफा आहे. त्यातील काही झाडे वयोमानाने वठली, तेव्हा ती मुळासकट काढून त्याच खड्ड्यांत भरपूर शेणखत घालून नवी कलमे लावली. ती मेली नाहीत, पण वाढतही नाहीत. त्याच रोपवाटिकेतून त्याच वेळी आणलेली कलमे कुंडीत मात्र जोमाने फुटली आहेत. वाफ्यातले एक कलम हलकेच उकरून पाहिले, तर मुळे आखूड व काळपट होती आणि पांढरी तंतुमुळे जवळजवळ नव्हतीच.

जुन्या गुलाबाच्या मुळांभोवती साठलेल्या बुरशी आणि सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी) नव्या गुलाबाची कोवळी मुळे धरतात, हेच कारण मला पटते. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह कमी पडते खरे, पण तसे असते तर कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या असत्या. तसे इथे दिसत नाही.

दिवसभर ऊन मिळणारी दुसरी जागा नसल्याने इथेच उपाय करायचा आहे. दीड ते दोन फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घेऊन माती बदलावी, कडेने पुठ्ठ्याचे खोके बसवावे, म्हणजे पुठ्ठा कुजेपर्यंत नवी मुळे जुन्या मातीपासून दूर राहून रोप सावरते, असे सांगतात. परंतु आमची माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे भुसभुशीत मातीने भरलेल्या त्या खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजणार नाहीत ना? शेजारच्या जुन्या, अजून बहरणाऱ्या झाडांना धक्का न लावता किती जवळून खणता येईल?

दुसरा विचार असा, की एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा वाफ्याचा रिकामा भाग भिजवून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकावा, सूत्रकृमी कमी व्हावेत म्हणून पावसाळ्यात तिथे झेंडू लावावा आणि कलमे ऑक्टोबरात लावावीत. उष्णता वरच्या थरातच जास्त पोहोचते, म्हणून एवढ्यावर भागेल की माती बदलावीच लागेल?

काढलेली माती मेथी-पालकाच्या वाफ्यात टाकण्याचा विचार आहे, कारण हा दोष मुख्यतः गुलाबाच्या कुळालाच बाधतो. काळ्या मातीत हे प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.