मागचे ब्रेक ड्रम लेथवर घासू की नवेच टाकू?

होटगीरोडकर: जुनी हॅचबॅक आहे, मागच्या ड्रममध्ये नखाला लागतील अशा चरी पडल्यात, ब्रेक मारला की पेडल थरथरतं. मेकॅनिक म्हणतो टर्निंग करू, म्हणजे ड्रम लेथवर आतून घासून सपाट करू, करू का?

लेथवाला: आधी ड्रमवर बघा की, कमाल व्यास कोरलेला असतो, आतून नीट मोजून घ्या आणि घासल्यावरही त्याच्या आत राहत असेल तरच टर्निंग, नाहीतर ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि ऐन वेळी ब्रेक कमी लागतो.

सातरस्ता: तडे असतील किंवा तापून निळा पडला असेल तर नवाच टाका भाऊ, घरची माणसं बसतात गाडीत. दोन्ही बाजू एकदमच करा, नाहीतर गाडी एकीकडं ओढते.

होटगीरोडकर: लायनर (ब्रेक मारला की ड्रमला आतून घासतात त्या पट्ट्या) पण बदलू?

लेथवाला: हो, जुने नव्या पृष्ठभागावर नीट बसत नाहीत.