निर्वासित छावणीत प्रजनन आरोग्यसेवा पहिल्या दिवसापासून का लागते?

प्रश्न

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासाचा भाग म्हणून मी आपत्कालीन मदतकार्याविषयी वाचत आहे. युद्धामुळे लाखो माणसे सीमा ओलांडून आली की आधी पाणी, अन्न, निवारा आणि गोवर-पटकीचा प्रतिबंध यांकडे लक्ष द्यावे, आणि प्रसूतिसेवा, कुटुंबनियोजन, लैंगिक आजारांवरील उपचार या गोष्टी छावणी स्थिरावल्यावर सुरू कराव्यात, असा क्रम मला स्वाभाविक वाटत होता. आंतरराष्ट्रीय निकष मात्र या सेवा शक्यतो पहिल्या ४८ तासांतच सुरू करायला सांगतात. औषधे आणि माणसे दोन्ही अपुरी असताना हा आग्रह व्यवहार्य आहे का?

प्रतिसाद १

आपण मांडलेला क्रम १९९० च्या दशकापर्यंत बहुतेक मदत संस्थाही पाळत असत. १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेने निर्वासित स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याची दखल घेतली, १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि स्वयंसेवी संस्थांचा एक संयुक्त कार्यगट उभा राहिला, आणि त्याच प्रयत्नांतून ‘मिस्प’ या नावाने ओळखला जाणारा किमान प्रारंभिक सेवांचा संच तयार झाला.

व्यवहार्यतेचा विचार आकडे समोर ठेवून करावा. नियोजनासाठी असे धरले जाते की लोकसंख्येत सुमारे २५ टक्के स्त्रिया प्रजननक्षम वयाच्या असतात आणि वर्षाला दर हजारी ४० बाळे जन्मतात. म्हणजे १ लाख वस्तीच्या छावणीत महिन्याला तीनशेहून अधिक बाळंतपणे होतात, त्यांपैकी साधारण १५ टक्के, म्हणजे जवळपास ५० स्त्रियांना गंभीर गुंतागुंत होते, आणि किमान १६ जणींना सिझेरियनची गरज पडते. छावणी स्थिरावेपर्यंत सहा महिने थांबायचे ठरवले, तर या हिशेबाने सुमारे ३०० स्त्रिया त्या सहा महिन्यांतच जीवघेण्या अवस्थेला पोहोचतील. पाणी आणि अन्न आधी, हे म्हणणे चूक नाही. पण दिवस भरलेल्या बाईला थांबायला सांगता येत नाही.

प्रतिसाद २

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कामाबद्दल लिहिते. सुरुवातीच्या दिवसांत गरोदर स्त्रियांच्या हाती स्वच्छ प्रसूतीचे एक छोटे पाकीट दिले जाते. त्यात साबण, अंथरायला प्लास्टिकचा कागद, नाळ कापायला नवे ब्लेड, ती बांधायला दोरा, हातमोजे आणि बाळाला गुंडाळायला सुती कापड असते. केंद्रापर्यंत पोहोचणे शक्यच झाले नाही, तर निदान जंतुसंसर्ग आणि बाळाचा धनुर्वात टळावा, एवढाच त्याचा हेतू आहे. या पाकिटाला प्रसूतिसेवा समजण्याची चूक होऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण वार पडल्यावर सुरू झालेला रक्तस्राव त्यातल्या कोणत्याही वस्तूने थांबत नाही, आणि असा रक्तस्राव दोन तासांच्या आत जीव घेऊ शकतो.

तो थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन लागते. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, म्हणजे शीतपेटी आणि वीज आली. तशी सोय नसेल तेथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात, कारण त्यांना थंडावा लागत नाही आणि त्या द्यायला सुई टोचावी लागत नाही. झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीसाठी मॅग्नेशियम सल्फेट हवे. ही औषधे फार महागही नाहीत. खरी अडचण असते ती रात्रीची: चोवीस तास जागी असलेली प्रशिक्षित सुईण, अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियेच्या रुग्णालयापर्यंत नेणारे वाहन, आणि छावणीबाहेर पडण्याची परवानगी. कळा सुरू झाल्यावर परवानगीचा कागद शोधावा लागला, तर बाकीची सगळी तयारी असून नसल्यासारखी होते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांत बाळंतपणावर भर आहे आणि तो योग्यच आहे, पण ४८ तासांच्या आग्रहामागे दुसरेही एक मोठे कारण आहे. पलायनाच्या वाटेवर आणि छावणीत लैंगिक अत्याचार होतात. अत्याचारानंतर एचआयव्हीचा प्रतिबंध करणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि तातडीचे गर्भनिरोधक १२० तासांच्या आत घ्यावे लागते. सेवा महिन्याभराने सुरू झाली, तर आधी आलेल्या स्त्रियांसाठी ती कधीच सुरू झाली नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

म्यानमारमधून २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजारमध्ये आले, तेव्हा हे प्रकर्षाने दिसले. बांगलादेशात गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ‘पाळी नियमन’ करण्याची, म्हणजे चुकलेली पाळी परत यावी म्हणून गर्भाशय रिकामे करण्याची सेवा १९७९ पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात आहे, त्यामुळे ती छावण्यांतही देता आली. यजमान देशाचा कायदा किती परवानगी देतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

आणखी एक गोष्ट. केंद्र बांधले म्हणून स्त्रिया तेथे येतात असे नाही. अत्याचाराच्या उपचारासाठी वेगळा फलक लावलेली खोली केली, तर त्या दारातून आत जाणारी प्रत्येक बाई वस्तीला कळते. ती सेवा सर्वसाधारण महिला दवाखान्यातच, त्याच दारातून, स्त्री दुभाष्याच्या मदतीने मिळावी. छावणीतल्या जुन्या दायांनाही दूर लोटू नये. धोक्याची लक्षणे ओळखून बाईला केंद्रापर्यंत घेऊन येण्याचे काम त्या उत्तम करतात, कारण घरातल्या सासूचा आणि नवऱ्याचा त्यांच्यावर विश्वास असतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या छावण्यांत ही स्थिती सुधारते का, की ती कायम आणीबाणीचीच राहते?

प्रतिसाद १

सुधारते, आणि कधी कधी अपेक्षेपेक्षा जास्त. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सात देशांतील ५२ छावण्यांच्या अभ्यासात असे दिसले की स्थिरावलेल्या छावण्यांतील प्रजनन आरोग्याचे निर्देशांक यजमान देशाच्या आणि मायदेशाच्याही तुलनेत बरेचदा चांगले होते. थायलंड-म्यानमार सीमेवरील छावण्यांत १९८६ पासून गरोदर स्त्रियांच्या रक्ताची दर आठवड्याला हिवतापासाठी तपासणी होऊ लागली आणि हिवतापाने होणारे मातामृत्यू जवळपास थांबले. जॉर्डनमधील झातारी छावणीच्या प्रसूती केंद्रात हजारो बाळंतपणे मातामृत्यूविना झाल्याचे संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीने सांगितले आहे.

मात्र ही सुधारणा निधीवर उभी असते. निधी आटला की बहुधा आधी रात्रपाळीच्या सुईणी कमी केल्या जातात आणि गर्भनिरोधकांचा साठा अनियमित होतो. तीन महिन्यांचे इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीला पुढचा डोस वेळेवर मिळाला नाही, तर तिची गणना पुढच्या वर्षीच्या बाळंतपणांत होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे अभ्यासासाठी एखादी छावणी निवडणार असाल, तर बाळंतपणांच्या आकड्यांबरोबर औषधसाठ्याची आणि रात्रपाळीच्या हजेरीची नोंदवही अवश्य पाहावी.